मागे जितक्या, तितक्या पोळ्या

आमच्या नातीने बर्फावरच्या शर्यतींचा नाद धरला तेव्हा आम्ही लीड्समध्ये राहत होतो. लीड्समध्ये बर्फ पडतो, नाही असं नाही. पण तो वर्षातून दोन-चारदा पडतो, सकाळी पांढरा दिसतो आणि दुपारी बसगाड्यांखाली जाऊन त्याचा चहाच्या चोथ्यासारखा रेंदा होतो. अशा गावात राहून बर्फाच्या शर्यतीत उतरायचं म्हणजे सोलापुरात राहून होडीच्या शर्यतीची तयारी करण्यासारखं होतं. मी हे तेव्हाच बोलून दाखवलं होतं. माझं कोणी ऐकलं नाही, आणि नंतर मीही त्यात अडकले.

मुलगा तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. तो बोलायला लागला की औषधाची गरज पडत नसावी असं मला नेहमी वाटायचं. आमचे हे गेले, त्यानंतर ऐंशी सालानंतर कधीतरी तो मला इकडे घेऊन आला, कारण सून नोकरीला जायची आणि नात पाच-सहा वर्षांची होती. मी शिकलेली चौथीपर्यंत. पुढचा निकाल लागायच्या आधीच माझ्यामागे चूल लागली. इंग्रजी मी शिकले ती शेजारच्या म्हाताऱ्याकडून आणि टीव्हीवरून, त्यामुळे त्यात शिव्या आणि हवामान या दोनच गोष्टी पक्क्या आहेत.

नात बारा वर्षांची असताना शाळेची ट्रिप नॉर्वेला गेली. तिथून ती परत आली ती डोक्यात फळ्या घेऊन. डोंगरावरून घसरत खाली येतात ते स्कीइंग सगळ्यांना माहीत असतं. हे ते नव्हे. यात फळ्या अरुंद, बूट फक्त चवड्याशी अडकवलेला, टाच मोकळी. हातात दोन काठ्या. रानातून, झाडांमधून मैलोनमैल जायचं, आणि चढ आला तर तोही स्वतःच चढायचा.

मी विचारलं, "चढायचंही आपणच? मग फळ्या कशाला?"

"आजी, इट्स अ स्पोर्ट," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं. पाणी भरायला लांब जाणं हाही मग स्पोर्टच होता, आम्हाला कोणी सांगितलं नाही एवढंच.

आमच्या भागात एक क्लब निघाला. बर्फ नसल्यामुळे ही मंडळी चाकं लावलेल्या आखूड फळ्यांवर डांबरी रस्त्यावरून जात. नात शाळेतून आली की डोक्यावर हेल्मेट घालून, दोन काठ्या टोचत समोरच्या पार्कात फेऱ्या मारायची. शेजारचा म्हातारा, जन्मभर बस चालवून रिटायर झालेला, कुंपणाशी उभा राहून दर वेळी म्हणायचा, "लॉस्ट युअर स्नो, लव्ह?" बर्फ हरवला का गं? पाच वर्षं तोच एक विनोद. आणि पाचही वर्षं तो स्वतःच हसायचा.

पहिल्याच हिवाळ्यात माझी इस्त्री गेली. स्कीच्या फळ्यांना खालून मेण लावतात आणि ते गरम इस्त्रीने पसरवतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी माझं मोतिया लुगडं इस्त्रीखाली घेतलं आणि त्यावर हातभर हिरवा पट्टा उमटला. नातीला हाक मारली. ती गॅरेजमधून आली, पट्टा बघितला आणि म्हणाली, "ग्रीन म्हणजे खूप थंडीचा मेण आहे, आजी. तुझी साडी मायनस टेनमध्ये चांगला जाईल." आमच्या नातीच्या मराठीत साडीला काय आणि माणसाला काय, एकच न्याय. मी दुसरी इस्त्री घेतली आणि पहिलीवर खडूने फुली मारून ती तिला देऊन टाकली.

इथवर सगळं बरं होतं. पंचाईत सुरू झाली ती शर्यती सुरू झाल्यावर, कारण शर्यत म्हटली की निकाल आला.

आमच्या लोकांना निकाल एकाच प्रकारचा कळतो. निकाल लागतो, किती टक्के ते विचारतात, पेढे वाटतात. पेढे वाटण्यासारखा नसेल तर त्या आठवड्यात कोणाचे फोन घ्यायचे नाहीत. माझा मुलगा जन्मभर पहिला-दुसरा आलेला, सून बोर्डात चमकलेली. त्यांच्या पोटी ही मुलगी, जी दर शनिवारी कुठल्यातरी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर चाकांवरून पळायची आणि बाविसावी यायची. नॉर्वेहून शिकून आलेल्या, आर्मीवाल्यांच्या, स्कॉटलंडच्या डोंगरातच वाढलेल्या पोरी हिच्या पुढे. हिच्या मागे थोड्याच.

पहिल्या शर्यतीनंतर घरात सुतक असल्यासारखं झालं. नात कारमधून उतरली, "आय अ‍ॅम फाईन" म्हणाली आणि जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसली. मुलाने कागद काढून कुठल्या फेरीत किती सेकंद गेले ते मांडायला सुरुवात केली. सून तिच्या पाठीवरून हात फिरवत इंग्रजीत म्हणत होती की तू तुझं बेस्ट दिलंस, तेच महत्त्वाचं. पोरीच्या डोळ्यांत पाणी. त्या दिवशी पाडवा होता म्हणून मी पुरणपोळ्या करत होते आणि तवा तापलेला होता. असल्या वेळी मला कोणी रडलेलं चालत नाही, पोळी करपते.

मी विचारलं, "मागे किती होत्या?"

"काय?"

"तुझ्या मागे. तू गेल्यावर मागून किती पोरी आल्या?"

सून म्हणाली, "अहो आई, आत्ता नको ना."

पण नातीने बोटं मोजली. "तीन."

मी तिच्या ताटात तीन पोळ्या वाढल्या. "मग या तीन."

ती बघतच राहिली. "आणि आठ असत्या तर?"

"तर आठ वाढल्या असत्या."

"मला आठ नाही खाता येत."

"मग पहिली आली नाहीस म्हणून कशाला रडतेस? पहिली आली असतीस तर चोवीस खाव्या लागल्या असत्या. पोट फुटलं असतं. तुझ्या बापाला हॉस्पिटलात न्यावं लागलं असतं तुला, सणाचं."

तिने नाक पुसलं आणि तिन्ही पोळ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं. त्या दिवसापासून घरात तो नियम झाला. मागे जितक्या, तितक्या पोळ्या. मी काही विचार करून काढलेला नियम नव्हता तो. पण नियम झाला की तो पाळायचा, नाहीतर त्याला काही अर्थ राहत नाही.

नियम म्हटला की कज्जे आले. एकदा एका पोरीची काठी मोडली आणि ती अर्ध्यातून सोडून गेली. नातीचं म्हणणं, ती धरायची. माझं म्हणणं, जी शेवटपर्यंत आलीच नाही ती मागे कशी? मागे यायला आधी यावं तर लागतं. मुलाने डॉक्टरी आवाजात निवाडा दिला की काठी मोडणं हा दैवी प्रकार आहे, अर्धी पोळी द्यावी. मी दिली नाही. दुसऱ्यांदा दोघी अगदी एकाच वेळी रेघेवर आल्या, तेव्हा मात्र त्या पोळीचे मी सुरीने दोन भाग केले. शर्यत परदेशात असली तर ती फोनच्या डब्यातून घरी फोन करायची. नाणी कमी असायची म्हणून ना हॅलो ना काही. "आजी, दोन," आणि फोन बंद. मी डाळ शिजत टाकायची. सून म्हणायची, "निदान जिवंत आहे का ते तरी विचारायचं." मेलेली मुलगी दोन म्हणेल कशी, हे मी तिला विचारलं नाही. सूनबाईंशी मी जरा जपूनच बोलते.

अशी पाच वर्षं गेली. कधी एक, कधी सहा. सहा जणी मागे राहिल्या त्या दिवशी तिने चार खाल्ल्या आणि दोन दुसऱ्या दिवशी शाळेत डब्यात नेल्या. तिला मधूनमधून वाईट वाटायचंच. पण घरी येऊन ती आधी आकडा सांगायची आणि मग रडायची, आणि आकडा सांगून झाला की रडणं आखूड व्हायचं. एवढंच मी पाहिलं.

मग ती सतरा वर्षांची झाली आणि देशाच्या ज्युनियर संघासाठी निवडीची शर्यत आली. स्कॉटलंडमध्ये, खऱ्या बर्फावर. संघात नाव आलं तर उरलेला हिवाळा नॉर्वेत सराव, मोठ्या शर्यती, सगळं. ज्युनियरमध्ये बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. मुलाने तिच्याशी सरळ ठरवलं होतं: नाव आलं तर ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, अभ्यास सांभाळून जा. नाही आलं तर फळ्या गॅरेजमध्ये, आणि डोकं पुस्तकात. तिने मान्य केलं होतं. अशी कबुली तिने दिली याचाच मला धसका वाटला. या पोरीला दुसरं काही आवडतच नव्हतं. अभ्यासाला ती बसायची ती दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तशी.

आता इथे आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. आमच्यात कोणाला मुलाखतीचं पत्र आलं की नोकरी लागली असं धरतात. मुलाने महाराष्ट्र मंडळात कोणाच्या तरी कानावर घातलं की हिला निवडीच्या शर्यतीला बोलावलंय. तेवढ्यावर मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी ठरवून टाकलं की हिची इंग्लंडच्या संघात निवड झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चर्चमागच्या हॉलमध्ये सत्कार. शाल आणली, नारळ आणला, कॉव्हेंट्रीच्या मिठाईवाल्याकडे पेढे सांगितले. कॉव्हेंट्रीचे पाहुणे ते घेऊन येणार आणि आमच्याकडे राहणार. हे सगळं शर्यतीच्या आधी. मुलाला कळलं तेव्हा त्याने "अहो, अजून निवड व्हायचीय" असं सांगायला हवं होतं. त्याने "थँक यू" म्हटलं.

शर्यतीला आम्ही चौघंही गेलो. मी कारमध्ये बसून बघेन असं ठरलं होतं, पण काचेवर वाफ धरली म्हणून बाहेर उभी राहिले, लुगड्यावर मुलाचा कोट आणि पायांत प्लॅस्टिकचे गमबूट. पहाटे कडाक्याची थंडी होती. नातीने तेव्हाच फळ्यांना थंडीचं मेण लावलं. आणि शर्यत सुरू व्हायच्या सुमाराला ऊन पडलं. तेव्हा इतरांनी मेण बदललं. हिने बदललं नाही. तिला वाटलं, ऊन जाईल.

ऊन गेलं नाही. बर्फ ओला झाला आणि तिच्या फळ्यांना खालून चिकटायला लागला. आमच्याकडे काळ्या रानात पावसानंतर चाललं की वहाणेला चिखल लागतो, त्याच्यावर आणखी लागतो, आणि शेवटी माणूस उंच होऊन चालायला लागतो. तसंच. ती झाडांतून बाहेर आली तेव्हा मला वाटलं, ही पोरगी एवढी उंच कधी झाली? दर थोड्या अंतरावर थांबून ती काठीने फळ्या खरवडत होती आणि बाजूने पोरी जात होत्या. एक, मग दुसरी, मग एक घोळका. शेवटी कोणी उरलंच नाही. तिच्या मागून फक्त एक माणूस येत होता, वाटेवरचे खुणेचे झेंडे उपटत. शर्यत संपत आली की ते उपटत येतात. तो बिचारा तिला घाई नको म्हणून मुद्दाम सावकाश उपटत होता, ते बघवत नव्हतं.

शेवटची आली. सत्ताविसातली सत्ताविसावी.

परतीच्या वाटेवर कारमध्ये कोणी तो शब्द काढला नाही. मुलगा म्हणाला, "कंडिशन्स फार वाईट होत्या." सून म्हणाली, "इतक्या मोठ्या रेसला पार्टिसिपेट केलंस हेच केवढं आहे." मी काही विचारलं नाही, कारण मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एका सर्व्हिस स्टेशनवर चिप्स घेतल्या, त्या थंड झाल्या. नात खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने फळ्या जुन्या चादरीत गुंडाळल्या, गॅरेजच्या कोपऱ्यात उभ्या केल्या आणि बापाला म्हणाली, "विकून टाका." मुलगा "बरं" म्हणाला. एवढं चटकन "बरं" तो बायकोलाही कधी म्हणालेला नव्हता.

सुनेने अध्यक्षीणबाईंना फोन केला. निवड झाली नाही, सत्कार नको. पलीकडून इतक्या मोठ्याने बोलणं चाललं होतं की मला कोथिंबीर निवडताना ऐकू येत होतं. हॉलचं बुकिंग झालंय. शाल परत घेत नाहीत. आणि निवड नसेल झाली म्हणून काय झालं, आपल्या मुलीने एवढं धाडस केलं, ते कौतुकाचंच आहे. सून नाही म्हणू शकली नाही. ती बोर्डात चमकलेली असली तरी मंडळापुढे तिचं काही चालत नाही.

मग शनिवारी सत्कार झाला. नातीला स्टेजवर खुर्चीत बसवलं, कुंकू लावलं, अंगावर शाल, मांडीवर नारळ. अध्यक्षीणबाईंनी भाषण केलं. बर्फावरची वाघीण, म्हणाल्या. लीड्सच्या मराठी माणसाची मान उंचावणारी कन्या. प्रतिकूल हवामानात तिने शर्यत यशस्वीपणे पूर्ण केली. टाळ्या. कॉव्हेंट्रीच्या पाहुण्यांपैकी एका गृहस्थांनी, ज्यांना कोणी आधी सावध केलं नव्हतं, खाली बसल्याबसल्या विचारलं, "कितवी आली हो?"

हॉलमध्ये तिळाच्या वड्या चावायचा आवाज तेवढा राहिला.

माझा मुलगा म्हणाला, "पहिल्या तीसमध्ये."

"वा, वा," ते गृहस्थ म्हणाले आणि पुन्हा टाळ्या झाल्या. मी मुलाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो लहानपणी गूळ खाऊन असाच उभा राहायचा.

नातीला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उठली, "थँक यू. धन्यवाद," म्हणाली आणि बसली. चेहरा असा, की दात काढून आणलाय. येताना लोक तिच्या हातात पेढे कोंबत होते आणि म्हणत होते, अगं मस्त, अगं ग्रेट. घरी येऊन तिने शाल जिन्याच्या कठड्यावर टाकली आणि नारळ माझ्यापुढे ठेवला. "तुला घे. चटणीला."

"चांगला आहे नारळ," मी म्हटलं. वाजवून बघितला, पाणी भरपूर होतं.

रविवारी पाहुण्यांसाठी मी पुरणपोळीचा बेत केला. पाहुणे जेवायला बसले, दोन टेबलं जोडून. मी वाढत होते. पाहुण्यांना वाढल्या, मुलाला वाढली, सुनेला वाढली. नातीच्या ताटात भात, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, भजी वाढली आणि पुढे गेले.

सून हळूच म्हणाली, "आई, तिला पोळी."

"नाही," मी म्हटलं.

"अहो आई."

"नियम आहे."

कॉव्हेंट्रीच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, पथ्य आहे का काही तिला?"

"पथ्य नाही," मी म्हटलं. "शेवटची आली."

मुलाचा घास हातात राहिला. सून डोळ्यांनी मला म्हणत होती ते लिहिण्यासारखं नाही. कालच्या त्या "कितवी" विचारणाऱ्या गृहस्थांनी ताटाकडे बघायला सुरुवात केली. नात तिच्या ताटातल्या रिकाम्या जागेकडे बघत होती, जिथे पोळी असायची. मला वाटलं, आता ही उठून जाणार. गेली असती तर मी अडवलं नसतं, पण पोळीही दिली नसती.

ती हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग इतकं, की आमटीचा ठसका लागला आणि कॉव्हेंट्रीच्या बाईंना तिच्या पाठीवर थोपटावं लागलं. रविवारपासून रविवारपर्यंत तिचा हसण्याचा आवाज आला नव्हता.

"आजी," ती पाणी पिऊन म्हणाली, "अख्खा वीक कोणी तो वर्ड म्हणाला नाही. मला वाटला मी मेलो आहे, आणि सगळे नाईसली वागतात."

"मेली नाहीस. शेवटची आलीस."

"झेंडेवाला माणूस होता मागे. तो धरायचा?"

"तो शर्यतीत होता?"

"नाही."

"मग नाही."

"मेण चुकला, आजी. बदलायला हवा होता. सगळ्यांनी बदलला. मी स्टबर्न."

"मग ते बापाला सांग. तो अजून हवामानाला शिव्या देतोय."

तिने बापाला सांगितलं, तिथेच, पाहुण्यांसमोर, कुठलं मेण, किती अंश, कुठे चूक झाली. आणि बोलताना तिचा हात टेबलावर इस्त्री फिरवल्यासारखा फिरत होता. ते गृहस्थ फार रस घेऊन ऐकत होते. त्यांनी विचारलं, म्हणजे योग्य मेण लावलं असतं तर कितवी आली असतीस? नात म्हणाली, "विसावी वगैरे. संघात नसतोच आलो." बापाने हे ऐकलं. निवड व्हायचीच नव्हती, आणि हे तिला माहीत होतं, आणि तरी ती गेली होती. त्याला ते समजायला थोडा वेळ लागला. तो जन्मात कधी विसावा आलेला नाही, त्यामुळे त्याचा दोष नाही.

जेवण झाल्यावर ती भांडी पुसायला आली. "एक तरी दे ना."

"मागे एक आण, एक देते."

"कुठून आणू? माझा सीझन संपला. फळ्या विकायच्या आहेत."

"विकल्या का?"

"नाही अजून." ताट पुसून ठेवत ती म्हणाली, "तू ये. तू आलीस तर मागे एक नक्की."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण फेब्रुवारीत लीड्समध्ये बर्फ पडला, आणि त्या वर्षी तो टिकला. बस बंद, शाळा बंद. सकाळी बघते तो नात दारात उभी, हातात तिची बारा वर्षांची असतानाची पहिली जोडी आणि तेव्हाचे बूट. माझं पाऊल लहान आहे. दोन मोजे घातले तर ते बूट बसले. सून म्हणाली, "अहो, हाड मोडेल." मुलगा म्हणाला, "मोडलं तर भूल मी देईन." त्याच्या तोंडून विनोद ऐकून मी उठलेच.

नऊवारी ही त्या खेळाला उत्तम, हे मला तिथे कळलं. काष्टा असल्यावर पाय मोकळे. फळ्यांना काय मेण लावायचं ते नातीने बर्फ मुठीत दाबून बघून ठरवलं, आणि या खेपेला दोनदा बघितलं. पार्कात कोणी नव्हतं. शेजारचा म्हातारा तेवढा कुंपणाशी उभा होता. मला बघून त्याने तोंडातला पाईप काढला. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला दुसरं वाक्य सुचलं. "फाउंड इट, देन, लव्ह," असं काहीतरी तो म्हणाला. सापडला म्हणायचा तर. मी म्हटलं, "शटप," कारण तोल सांभाळताना मला तेवढंच आठवलं.

नातीने रेघ मारली. पलीकडच्या ओकच्या झाडाला वळसा घालून परत रेघेवर यायचं. मी दोन काठ्या धरून निघाले. ती गेली म्हणजे अशी गेली की मी पहिल्यांदाच तिला नीट पाहिलं. खिडकीतून नाही, वाटेच्या कडेने नाही, मागून. मागून बघितलं की कळतं माणसाला काय येतं ते. मग मी पडले. उठले. पुन्हा पडले, आणि झाडाशी बसूनच राहिले. ती वळसा घालून माझ्या बाजूने परत जाताना ओरडली, "आजी, पूर्ण करावी लागते. नाहीतर मोजत नाहीत."

माझाच नियम. मग काय करते? उठले आणि रेघेपर्यंत गेले. किती वेळ लागला ते म्हाताऱ्याला विचारा, तो तिथेच होता, चहा आणवून घेतला होता त्याने.

एका पोळीसाठी कोणी पुरण घालत नाही. मी घातलं. तिने ती एक पोळी खाल्ली आणि दुसरी मागितली. मी दिली नाही. उरलेलं पुरण आम्ही बाकीच्यांनी संपवलं. गॅरेजमधल्या चादरीचं पुढे मी फडकं केलं, ती मोकळीच पडली होती.

संघात ती कधीच आली नाही. ए-लेव्हलनंतर ती कॉलेजला गेली, तिथल्या क्लबातून शर्यती करत राहिली, बापाने जुन्या कारची चावी तिला दिली, फळ्या वर बांधायला. पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी फोन वाजला. मागे वारा, नाणं पडल्याचा आवाज.

"आजी, चार."

"चारही शेवटपर्यंत आल्या?"

तिने आणखी एक नाणं टाकलं. "एक सोडून गेली मधून."

"मग तीन," मी म्हटलं आणि डाळ शिजत टाकली.